चक्कर का येते?

व्याख्यानमालेत वैद्यकातील विषय घ्यावयाचा म्हटला, म्हणजे हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब यांचा मान पहिला. चक्कर येण्याला असा मान कोणी देत नाही. तो रोग नव्हे, नुसते एक लक्षण. आणि तेही इतके घरगुती की, "जरा भोवळ आली, पाणी द्या" एवढ्यावर बहुतेक वेळा प्रकरण मिटते. तरीही हा विषय येथे घेण्याचे कारण असे की, चक्कर येणाऱ्या माणसावर दोन तऱ्हांचे अन्याय होतात. ज्याचा त्रास पाच मिनिटांच्या साध्या उपचाराने जाण्यासारखा असतो, तो वर्षानुवर्षे गोळ्या घेत बसतो. आणि ज्याला तातडीने रुग्णालयात नेले पाहिजे, त्याला लिंबूसरबत पाजून घरी निजवले जाते. हे दोन्ही टळण्यासारखे आहे. त्यासाठी एकच गोष्ट प्रथम समजून घेतली पाहिजे. चक्कर एक नाही, त्या अनेक आहेत. आणि त्यांतील आपली कोणती, हे पुष्कळ अंशी आपले आपल्यालाच ओळखता येते.

किती जणांना?

हा त्रास किती माणसांना होतो, याच्या रीतसर पाहण्या युरोप-अमेरिकेत झाल्या आहेत. त्यांचा गोषवारा असा की, कोणत्याही एका वर्षात प्रौढांपैकी शेकडा १५ ते २० जणांना चक्कर येण्याचा किंवा तोल जाण्याचा अनुभव येतो. जर्मनीत देशभर झालेल्या एका पाहणीत, आयुष्यात केव्हा ना केव्हा बऱ्यापैकी चक्कर आलेल्यांचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास निघाले. अमेरिकेत २००८ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीवरून एका वर्षात सुमारे ३ कोटी ३० लाख प्रौढांना हा त्रास झाल्याचा हिशेब मांडण्यात आला. मुलुंड-घाटकोपरच्या एखाद्या सभागृहात ३०० श्रोते बसले आहेत असे धरले आणि हेच प्रमाण लावले, तर त्यांतल्या ४५ ते ६० जणांना गेल्या वर्षभरात चक्कर येऊन गेली असावी. वय वाढते तसे हे प्रमाण वाढते, आणि कानापासून उद्भवणारी चक्कर पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक आढळते.

म्हातारपणी या चक्करेचा खरा धोका पडण्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पासष्टीपुढील माणसांपैकी शेकडा २८ ते ३५ जण दर वर्षी एकदा तरी पडतात. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर आजी घसरली, खुब्याचे हाड मोडले आणि ती पुन्हा पूर्वीसारखी हिंडूफिरू शकली नाही, असे घर आपणां प्रत्येकाच्या माहितीत एखादे तरी असते. ती का पडली, याचा शोध मात्र फरशीपाशीच थांबतो.

आपल्या भाषेतील शब्द

मराठीत या अनुभवाला शब्दांची वाण नाही. चक्कर, घेरी, भोवळ, झीट, डोळ्यांपुढे अंधारी, गरगरणे, झोक जाणे, डोके हलके होणे. आपण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांच्या मुळाशी भेद आहे. घर फिरल्यासारखे वाटते ते गरगरणे. आता शुद्ध जाणार असे वाटते ती झीट किंवा अंधारी. डोके ठीक आहे पण पाय नीट पडत नाहीत तो झोक. आणि या तिन्हींत न बसणारे ते नुसते डोके हलके होणे. माधवनिदान या जुन्या ग्रंथातही मूर्च्छा आणि भ्रम यांचा विचार एकाच प्रकरणात केला आहे, परंतु दोन वेगळ्या अवस्था म्हणून. अमेरिकेत ड्रॅकमन आणि हार्ट या डॉक्टरांनी १९७२ साली चक्कर येणाऱ्या रुग्णांचे चार वर्ग पाडले, तेही साधारण हेच.

पुढे एक अडचण ध्यानात आली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना "तुम्हांला नेमके कसे होते?" हा प्रश्न विचारून काही मिनिटांनी तोच पुन्हा विचारला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांचे उत्तर बदलले. पण चक्कर केव्हा येते, किती वेळ टिकते आणि काय केल्याने येते, हे माणसे बरेच खात्रीने सांगत होती. म्हणून "कसे होते" यापेक्षा "केव्हा आणि किती वेळ" या प्रश्नावर आता अधिक भर दिला जातो. आपणही पुढील विवेचनात हेच सूत्र धरू.

तीन साक्षीदार, एक न्यायाधीश

आपण उभे आहोत की पडत आहोत, हे मेंदूला तीन साक्षीदार सांगत असतात. पहिले डोळे. दुसरा कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग. तिसरे तळपाय, घोटे, गुडघे आणि मान यांतील स्नायू व सांधे. मेंदू न्यायाधीशाच्या जागी बसून तिघांच्या साक्षी ताडून पाहतो. तिघांचे एकमत असते तोवर आपल्याला तोल नावाची काही वस्तू आहे याची दादही नसते. साक्षी विसंगत झाल्या की गोंधळ सुरू होतो.

अंधेरीला आपली गाडी उभी असते आणि शेजारच्या रुळावरची गाडी हलते. क्षणभर वाटते, आपलीच सुटली. डोळ्यांनी खोटी साक्ष दिली. बाकीच्या दोघांनी ती खोडून काढली की आपण सावरतो. घाटात एस. टी.त बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्याचे उलट होते. डोळे म्हणतात सारे स्थिर आहे, कान म्हणतो आपण वळणे घेत आहोत. शेवटी पोटात ढवळू लागते.

कानातला साक्षीदार कसा चालतो, हे फुगडी खेळलेल्या मुलीला वेगळे सांगावयास नको. आतल्या कानात अर्धवर्तुळाच्या आकाराच्या तीन बारीक नळ्या असतात, आणि त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. पाण्याने भरलेले पातेले एकदम फिरवले तर पातेले फिरते, पाणी मागे राहते. डोके वळले की नळीतल्या द्रवाचे असेच होते, आणि त्याचा दाब तेथील सूक्ष्म केसांवर पडून मेंदूला बातमी जाते. फुगडी बराच वेळ चालली की द्रवही नळीबरोबर फिरू लागतो. मग मुली थांबतात, द्रव मात्र थांबत नाही. अंगण फिरते ते यामुळे.

हे ज्ञान ज्यांच्यामुळे पक्के झाले ते व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी. रुग्णांचे कान पाण्याने धुताना काहींना गरगरते, हे ते पाहत असत. पाणी फार थंड असले की गरगरते आणि डोळे एका दिशेने झटके देतात. फार गरम असले तर झटक्यांची दिशा उलटते. पाणी अंगाच्या उष्णतेइतके असले तर काहीच होत नाही. न्हाणीघरातला बंब आठवावा. त्यात तापलेले पाणी वर चढते, गार पाणी खाली बसते. कानातल्या द्रवातही असाच प्रवाह सुरू होतो, आणि स्थिर बसलेल्या माणसाला आपण फिरतो असे वाटते. या कामाबद्दल बारानींना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी ते रशियनांच्या कैदेत युद्धबंदी होते. १९१६ साली त्यांची सुटका झाली.

अंथरुणात कूस बदलताना

आता चक्करेचे प्रकार पाहू. पहिला प्रकार काही सेकंदांचा. पहाटे कूस बदलली आणि खोली गरगरली. माळ्यावरचा डबा काढावयास मान वर केली आणि तोल गेला. न्हाव्याच्या खुर्चीत डोके मागे टाकले आणि छत फिरले. डोके स्थिर ठेवले की मिनिटाच्या आत सारे शांत. कानापासून येणाऱ्या चकरांत सर्वांत अधिक आढळणारी ती हीच.

हिचे कारण चुनखडीचे कण. आतल्या कानाच्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण चिकटलेले असतात. वयपरत्वे, डोक्याला मार बसल्याने किंवा दीर्घ काळ अंथरुणाला खिळल्याने त्यांतले काही सुटतात आणि वाट चुकून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. मग डोके विशिष्ट बाजूला वळले की कण घरंगळतात, द्रव ओढला जातो आणि मेंदूला खोटी बातमी जाते. बारानींनी या चक्करेचे वर्णन १९२१ साली केले. ती ओळखण्याची रीत लंडनमध्ये डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली मांडली. परंतु कण नळीत शिरले असतील तर डोके योग्य क्रमाने वळवून ते बाहेर काढता येतील, हा सरळ विचार अमेरिकेतील डॉक्टर जॉन एप्ली यांचा. त्यांना कित्येक वर्षे कोणी गंभीरपणे घेतले नाही. १९९२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

या उपायाला औषध लागत नाही, शस्त्र लागत नाही. रुग्णाला बसवून मान एका बाजूला वळवावयाची, तसेच उताणे निजवावयाचे, मग मान आणि अंग क्रमाक्रमाने दुसऱ्या बाजूस वळवून पुन्हा बसवावयाचे. पाच मिनिटांचे काम. एक-दोन वेळा केल्याने दहांपैकी आठांना तरी आराम पडतो. मात्र कण कोणत्या कानात आणि कोणत्या नळीत आहेत हे आधी ठरवावे लागते, म्हणून पहिल्या वेळी ते जाणत्या डॉक्टरकडूनच करून घ्यावे. हा त्रास उलटू शकतो. ज्यांच्या अंगात ड जीवनसत्त्व कमी होते, त्यांना ते आणि कॅल्शियम दिल्यावर उलटण्याचे प्रमाण घटले, असे कोरियात झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. बंद खोलीतून बंद डब्यात आणि तेथून बंद कचेरीत जाणाऱ्या उपनगरवासियांनी याची नोंद घ्यावी.

उठून उभे राहताना

दुसरा प्रकारही सेकंदांचाच, पण त्याचे मूळ कानात नाही, रक्ताभिसरणात आहे. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते एक लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. निरोगी शरीर नाडी वाढवून व रक्तवाहिन्या आवळून ते लगेच सावरते. ते सावरणे उशिरा झाले की डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याला दोष मानतात. ओळख सोपी आहे. कुशीवर वळताना गरगरले तर कानाकडे पाहावे. निजल्यावर बरे वाटते आणि उठल्यावरच अंधारी येते, तर रक्तदाबाकडे पाहावे. आणि रक्तदाब बसून मोजतात तसा उभे राहूनही मोजावा, असे डॉक्टरांना आपण होऊन सुचवावे.

या प्रकाराला हातभार लावणारी कारणे आपल्याकडे पुष्कळ. वैशाखातला घाम आणि ऑक्टोबरचा उकाडा. हरतालिकेचा निर्जळी उपास. प्रवासात लघवीची सोय नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिण्याची नोकरदार स्त्रियांची सवय. जुना मधुमेह, ज्यात रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसाच मंदावतात. आणि औषधे: रक्तदाबाची, लघवी साफ होण्याची, प्रोस्टेटची, झोपेची. प्रत्येक गोळी आपापल्या जागी योग्य असते. चार डॉक्टरांनी दिलेल्या चार गोळ्या रात्री दोन वाजता लघवीला उठणाऱ्या आजोबांच्या पोटात एकत्र येतात तेव्हा घात होतो. म्हणून अशा गोळ्या आपल्या मनाने बंद करावयाच्या नाहीत, पण सर्वांची यादी एकाच डॉक्टरपुढे ठेवावयाची.

गर्दीतली झीट याचीच बहीण. सकाळच्या बोरिवली गाडीत तरुण मुलगी उपाशीपोटी तासभर उभी असते. घाम फुटतो, पांढरीफटक पडते, कान बंद झाल्यासारखे होतात, आणि ती ढासळते. ढासळणे हा निसर्गाचा उपाय आहे. आडवे झाल्याने रक्त डोक्याकडे परत येते. गर्दीत मात्र तिला पडावयास जागा नसते आणि चार भल्या बायका तिला उभी धरून ठेवतात. हे करू नये. जागा करून आडवे निजवावे आणि पाय उंच करावे. तेवढी जागा नसेल तर बसवून डोके गुडघ्यांकडे वाकवावे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी ओतू नये. झीट काही सूचना न देता आली, छातीत धडधड होऊन आली किंवा श्रम करताना आली, तर हृदयाची तपासणी करून घ्यावी.

तासांची आणि दिवसांची चक्कर

काही चकरा मिनिटांत जात नाहीत. गरगरण्याबरोबर एका कानाला कमी ऐकू येते, कानात घूं आवाज होतो, आणि हे वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत चालते, तेव्हा मेनिएरच्या विकाराचा विचार करतात. असले झटके मेंदूचे मानले जात. त्यांचे मूळ कानात असू शकते, हे पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ साली दाखवून दिले. याहून पुष्कळ अधिक आढळणारी चक्कर अर्धशिशीची आहे. डोके दुखते, उजेड आणि आवाज सोसवत नाही, उलटी होते. घरात तिला "पित्त उसळले" म्हणतात, आणि आमसुलाच्या सारावर वर्षे निघून जातात. अर्धशिशीचे म्हणून उपचार केले तर पुष्कळांना सुख लागते.

सतत दोन-तीन दिवस टिकणारी तीव्र चक्कर बहुधा कानाच्या नसेच्या सुजेमुळे असते. पण लहान मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यानेही हुबेहूब अशीच चक्कर येते, आणि येथे वेळ दवडणे जिवावर बेतते. चक्करेबरोबर बोलणे अडखळू लागले, एकाची दोन दिसू लागली, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, कधी नव्हे असे डोके दुखू लागले, किंवा आधाराशिवाय उभेच राहता येईना, तर हा पक्षाघात समजावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. अशा वेळी घरगुती उपायांत घटकाही घालवू नये.

पुष्कळ लहान कारणे

म्हातारपणीच्या तोल जाण्याला बहुधा एक कारण नसते. तिन्ही साक्षीदार थोडेथोडे अधू झालेले असतात. मोतीबिंदू असतो. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून रेल्वेपुलाची पायरी धूसर दिसते. मधुमेहाने तळपाय बधिर होतात. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही तेच होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन ४४१ पुरुषांची तपासणी केली, तेव्हा शेकडा ६७ जणांत हे जीवनसत्त्व कमी निघाले. शाकाहार हे त्याचे मुख्य कारण. घाटकोपर-मुलुंडमधील शाकाहारी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. स्त्रियांच्या बाबतीत पंडुरोगाची भर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ जणींचे रक्त कमी आढळले. डोके हलके होणे आणि जिना चढताना धाप लागणे ही त्याचीच भाषा असते. काळजी आणि भय हेही खरे कारण आहे. एकदा चक्कर आली की पुन्हा येईल या धास्तीने माणूस घराबाहेर पडेनासा होतो, आणि न चालल्याने तोल आणखी बिघडतो.

मानेच्या मणक्यांवर मात्र आपण नको इतका आरोप ठेवतो. साठीपुढे बहुतेकांच्या मणक्यांत क्ष-किरणाने झीज दिसतेच, चक्कर येवो वा न येवो. त्या एका चित्रावरून मानेला पट्टा बांधून घेणे आणि कानाची परीक्षा न करणे, हा उलटा न्याय झाला.

गोळीविषयी थोडे

चक्कर थांबवणारी गोळी पहिल्या काही दिवसांच्या तीव्र उलट्या-गरगरण्यासाठी उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारखी औषधे महिनोन्महिने चालू ठेवली, तर वृद्धांत हात कापणे, चाल मंदावणे, अंग ताठरणे असे कंपवातासारखे परिणाम दिसू शकतात. शिवाय अधू झालेल्या कानाची उणीव मेंदू हळूहळू भरून काढीत असतो. त्यासाठी त्याला हालचालीची गरज असते. सतत गुंगीत ठेवले तर तो शिकणार कसा? म्हणून तीव्र त्रास ओसरला की चालावे, मान वळवावी, डॉक्टरांनी सांगितलेले तोलाचे व्यायाम करावे. जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून तीच गोळी पुनःपुन्हा आणणे बंद करावे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्याव्यात. चक्कर प्रथम केव्हा आली. एका वेळी किती टिकते, सेकंद, मिनिटे, तास की दिवस. काय करताना येते. तिच्याबरोबर आणखी काय होते. आणि आपण कोणकोणत्या गोळ्या घेतो. घाटकोपरचे राजावाडी असो, कूपर असो की गल्लीतला दवाखाना असो, बाहेर रांग लांब आणि आत वेळ थोडा. "चक्कर येते हो" या तीन शब्दांनी त्या थोड्या वेळात डॉक्टर गोळीपर्यंतच पोहोचतो. त्या पाच ओळींनी तो कारणापर्यंत पोहोचण्याचा संभव फार वाढतो. आणि घरात वडीलधारे कोणी असेल, तर तो कागद त्यांच्याजवळ बसून आपणच लिहून द्यावा. कारण पडेपर्यंत ते आपण होऊन काही सांगत नाहीत.